ओताकरला नापास करण्याबाबत

प्रिय बोहुमिलदादास,

धाकट्या बहिणीचा सप्रेम नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, बरं वाटलं. आम्ही ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे. माझा नवरा गुरुवारी ब्रनोला तुझ्याकडे वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीसाठी येतो आहे. त्याला नापास कर. क्लबच्या साध्या विमानातून फिरायचा तोवर मी काही बोलले नाही. आता सहासष्टाव्या वर्षी त्याला उलटं उडायचं आहे, तेही स्पर्धेत.

आधी मला वाटलं, डोक्यातच बिघाड आहे. आलुबुखाराच्या झाडांखाली हात पंखांसारखे पसरून, डोळे मिटून तो फिरत होता, मध्येच टाचेवर गर्रकन वळत होता. शेजारच्या ह्रुबाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काय हो बाई, यांनी सकाळीच घेतली का?" मी म्हटलं, मुंग्या चावल्यात. (मी खोटं बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी बोलले.) कसरतीचे वैमानिक वर जाण्याआधी सगळा क्रम असा जमिनीवर चालून पाठ करतात म्हणे. यानं माझा गोंधळ मुळीच कमी झाला नाही.

म्हणून रविवारी ते विमान बघायला स्वतः धावपट्टीवर गेले. पंख वरून फुगीर नि खालून सपाट असतो म्हणून विमान उचललं जातं, असं मी जन्मभर शाळेत शिकवलं. याचा पंख दोन्ही बाजूंनी सारखाच फुगीर. मी वाकून पाहिला, चढून पाहिला. मग हे वर कसं जातं? ओताकर म्हणाला, "नाक जरा उचलून धरायचं. उलटं असलं तरी तसंच. त्याला वरची बाजू, खालची बाजू असं काही नाहीच." शिवाय साधी विमानं हात सोडला की शहाण्यासारखी सावरतात; हे कलंडलं तर कलंडलेलंच राहतं. मुद्दाम असं कोण बनवतं, मी विचारलं. "आज्ञाधारक आहे गं. ठेवशील तसं राहतं," तो म्हणाला. "आपल्या घरात मी आहे तसं."

पुढच्या जागेवर मी का बसले, हे मला अजून कळलेलं नाही. (चालवणारा मागे बसतो, म्हणजे रागानं बघायला समोर कोणीच नाही.) खिशातली चष्म्याची डबी वरच्या काचेवर जाऊन पडली, तेव्हा समजलं की आपण उलटे आहोत. (खिसे रिकामे कर असं त्यानं सांगितलं होतं.) चर्चचा मनोरा डोक्यावर लोंबत होता. मी म्हटलं, "ओताकर, आत्ताच्या आत्ता सरळ कर." कानावरच्या हेडफोनमधून आवाज आला, "करतो की. कुठली बाजू सरळ हवी तुला?" मग म्हणतो कसा, तूच कर. मी माझ्या पुढ्यातला सुकाणूचा दांडा अंगठाभर हलवला, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत आकाश जमिनीला प्रदक्षिणा घालून जागेवर. ते चुकून झालं. दुसऱ्यांदाही चुकूनच. नंतर तो "पुरे आता" म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, कारण आवाज खरोखरच फार होता.

या वयात हे शोभत नाही, एवढंच म्हणणं. भाऊ म्हणून तुझं कर्तव्य कर.

तुझी
द्राहोमीरा

ता. क. त्याचे कान नीट बघ. "कचरा टाकून ये" एवढंच त्याला ऐकू येत नाही.

आणखी एक. अगदीच नापास करू नकोस, तोंड पाडून बसेल. "एकट्यानं उडू नये, सोबत दुसरा वैमानिक हवा" एवढंच लिही. असं लिहिता येतं, मी चौकशी केली आहे.

शेवटचं. गुरुवारी मीही येते आहे. ओताकरला वाटतंय, वहिनींना भेटायला. माझीही तीच वैमानिकाची तपासणी त्याच्या आधी कर, आणि मी नापास झाले तर त्यालाही करून टाक.