मधासारखं ऑइल

गुरुवार, १ मे
आजपासून गॅरेज बंद. म्हणजे आमच्यापुरतं. ऑइल बदलायला कधी आणू, असं विचारायला गेलो, तर मिस्त्रीने गाडीखालूनच सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. म्हटलं, एवढंसं काम मी घरीसुद्धा करीन. त्यावर तो बाहेर आला. फक्त हसायला.
ठरलं. इंजिन ऑइल आणि फिल्टर, दोन्ही स्वतः बदलणार. व्हिडिओ पाहिला. अकरा मिनिटांचा. त्यातला माणूस काम करता करता शिट्टी वाजवतो.

शुक्रवार, २ मे
सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. पुढच्या शनिवारी घरी सोडणार. डॉक्टर म्हणाले, गाडीची पुढची सीट पूर्ण मागे घ्या आणि धक्के न देता न्या. म्हणजे सगळी भिस्त गाडीवर. पर्यायाने माझ्यावर.
ही म्हणाली, "अहो, मग आत्ताच कशाला हात लावताय? आई घरी आल्यावर बघा ना." ही शाळेत विज्ञान शिकवते. शिकवणं वेगळं, हात काळे करणं वेगळं. म्हटलं, आईंसाठीच तर करतोय.
खरेदी: साडेतीन लिटर ऑइल, फिल्टर, पाना, हातमोजे. हातमोजे लहान निघाले.

रविवार, ४ मे. सकाळी ७.१०
पुढची चाकं लाकडी फळ्यांवर चढवली. तिसऱ्या प्रयत्नात. दुसऱ्यात पलीकडे उतरली होती.

८.००
खाली शिरलो. पोट अडकतं. श्वास सोडून आत जावं लागतं, आणि गेल्यावर घेता येत नाही. व्हिडिओतला माणूस किडकिडीत होता, ही गोष्ट आधी सांगायला हवी होती.
नट दोन दिसतायत. व्हिडिओत एकच होता. जो हाताला लागेल तो आपला.

८.५०
सुटला! ऑइल कोपरापर्यंत. बाकीचं टबात. टब हिचा, कपडे भिजवायचा. नवा आणून देईन.
आणि ऑइल कसं? मधासारखं! सोनेरी, स्वच्छ. मी गाडी किती जपतो याचा याहून मोठा पुरावा नाही. ही चहा घेऊन आली, टबात डोकावली आणि म्हणाली, "जुनं ऑइल काळं असतं ना हो?" समजावलं, ते निष्काळजी लोकांचं. "आणि अंडी कुजल्यासारखा वास येतोय." म्हटलं, चहा ठेव आणि वर जा. प्रेमाने म्हटलं.

१०.३०
फिल्टर हलत नाही. हाताने नाही, फडक्याने नाही. कमरेचा पट्टा गुंडाळून ओढला. पट्टा तुटला. पुढचं काम एका हाताने पँट धरून.

११.१५
व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय की स्क्रूड्रायव्हर फिल्टरमधून आरपार घाला आणि फिरवा. घातला. फिल्टर फिरला नाही, फाटला. आतून काळंकुट्ट तेल थेट तोंडावर. इंजिन रिकामं केल्यावर हे आलं कुठून? तळाशी साचलेलं असणार. बरंच साचलं होतं. थांबेचना.

दुपारी १.४०
जुना फिल्टर तुकड्या-तुकड्याने निघाला. नवा बसला. नवं ऑइल सगळं ओतलं. मोजायची काडी बाहेर काढून पाहिली, तेल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर. कमी असण्यापेक्षा जास्त बरं.
मिस्त्रीला फोटो पाठवावासा वाटला. आवरलं. मोठेपणा दाखवायचा नाही.

सोमवार, ५ मे
ऑफिसला गाडीनेच गेलो. मागून निळसर धूर. नवं ऑइल रुळतंय. वॉचमन खोकत होता, पण त्याला सर्दी आहेच.

मंगळवार, ६ मे
गाडी गुणगुणते. तिसऱ्या गिअरला बारीक सूर लागतो.

बुधवार, ७ मे
सूर आता सगळ्या गिअरना. दुसरा टाकताना करकर. ही शेजारी बसली होती. आवाज कसला, विचारलं. रेडिओ लावला.

गुरुवार, ८ मे
गाडीचं पुस्तक काढलं. गाडीखालच्या भागाचं चित्र आहे. दोन नट. एक इंजिनाचा. दुसरा गिअरबॉक्सचा. गिअरबॉक्सला वेगळं तेल असतं म्हणे.
चित्र फार लहान आहे. नक्की काही सांगता येत नाही.
पुस्तक कपाटात ठेवलं. टॉवेलांच्या खाली.

शुक्रवार, ९ मे
संकल्प: गॅरेजमध्ये जायचं आणि एका मित्राच्या गाडीबद्दल म्हणून सहज विचारायचं. गेलो. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाला, "काय साहेब, झालं का घरच्या घरी?"
म्हटलं, "एकदम फर्स्ट क्लास."
आणि परत आलो. आता सांगायचं कसं? उद्या जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. सोळा किलोमीटर काय, ढकलतसुद्धा जाईल.

शनिवार, १० मे. सकाळी ११.२०
रस्त्याच्या कडेला बसून लिहितोय. हॉस्पिटल अजून तीन किलोमीटर. पुलाच्या चढावर आधी किंकाळी, मग खडखडाट, मग धाडकन काहीतरी तुटलं. गिअर हलत नाही. मागे धूर इतका की एक टँकरवाला आग लागली का बघायला थांबला.
हिने रेडिओ बंद केला. "अहो, खरं सांगा. काय केलंत?"
सांगितलं. दोन नट, पुस्तक, टॉवेल, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.
"गुरुवारी कळलं होतं तुम्हाला?"
"चित्र लहान होतं."
"आई गाडीत असती तर?"
म्हटलं, बॉनेट उघडून बघतो. तिने मागच्या सीटवरच्या उशा उचलल्या, टॅक्सीला हात केला आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१.०५
गाडी ओढून नेणारा ट्रक येतोय म्हणतात. कधीचा येतोय.
सासूबाईंचा फोन आला. टॅक्सीतून. म्हणाल्या, "मी अगदी ठीक आहे. तुम्ही उन्हात नाही ना बसलात? काही खाल्लंत का?" म्हटलं, आवाज तुटतोय, नेटवर्क नाही. नेटवर्क चांगलं होतं.

सोमवार, १२ मे
मिस्त्रीने निदान सांगितलं. गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत. इंजिन काठोकाठ, जुन्यात नवं मिसळलेलं. गिअरबॉक्स गेला. या वेळी तो हसला नाही. उलट मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. ते जास्त लागलं.
ही शाळेत बसने गेली. दोन बस बदलून.

रविवार, १८ मे
सासूबाईंना आज पहिल्यांदा वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत चालायचं होतं. ही एका बाजूला, मी दुसऱ्या. वॉकरचा एक स्क्रू मला जरा सैल वाटला. म्हटलं, थांबा, पाना आणतो, दोन मिनिटांचं काम.
दोघी जागच्या जागी थांबल्या. सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही नुसते उभे राहा. काही करू नका."
त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. सव्वीस पावलं.
मी उभा राहिलो. काही केलं नाही. ही म्हणाली, छान जमलं तुम्हाला.