सोपा गठ्ठा

१२ जानेवारी, सोमवार

डायलिसिसहून आलो. रिक्षातून उतरताना आईचा तोल गेला, मी धरलं. खाटेवर टेकली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता बास कर नंदे. मला न्हाई जायचं तिथं." म्हणते नेहमीच. पण आज चिडून नाही म्हणाली. म्हणून भीती वाटली.

डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले होते, "मॅडम, थांबवलं तर फार दिवस नाहीत. चालू ठेवलं तर त्रास हा असाच. घरचे बसून एकदा ठरवा." घरचे म्हणजे कोण? दादा-वहिनी तिकडे गावाला, राहात्याच्या पुढे. इथे श्रीरामपुरात आई आणि मी. आणि हे सांगितलं कुणाला, तर जी बाई 'मानसिक श्रम आणि निवड' या विषयावर पीएच.डी. करतेय तिला. हसावं की रडावं.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. नको नको म्हणताना आई उठली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. पहिली करपली. ती तिच्या ताटात, हे ठरलेलंच. जन्मभर बघतेय. म्हटलं, "टाक की ती कुत्र्याला." तर म्हणे, "का? कुत्र्यानं काय घोडं मारलंय माजं?"

संध्याकाळी दादाचा फोन. "तू शिकलेली हायेस, तूच ठरीव. मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, तू थोरला. म्हणाला, "मामांना इचारतो." थोड्या वेळाने परत फोन. मामा म्हणतात, पोरीपाशी ऱ्हाती तर पोरीनंच बघावं. झालं! फिरून फिरून भोपळे चौकात.

माझ्या पहिल्याच प्रकरणात लिहिलंय: ठरवणं हे ओझं असतं, माणूस ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला बघतो. उदाहरण म्हणून आमचं घराणं छापायला हरकत नाही.

१८ जानेवारी, रविवार

गावाला जाऊन आले. शेजारच्या रोझीताई आईजवळ बसल्या, चर्चला सकाळचंच उरकून आल्या होत्या. बाईचे उपकार कसे फेडायचे...

वहिनीचं हळदीकुंकू होतं, त्यातच माझा प्रबंधाचा प्रयोग घुसवला. आयत्या बायका मिळाल्या. पीएच.डी.च्या सरांनी कॉम्प्युटरवर करायला सांगितलंय, पण गावात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून मी पुठ्ठ्याची पानं कापून नेली. पांढरा गठ्ठा सोपा: मी आकडा सांगायचा, बाईने म्हणायचं सम की विषम. तांबडा अवघड: आकडे ऐकायचे आणि उलटे म्हणून दाखवायचे. दर वेळी पान कुठल्या गठ्ठ्यातलं उचलायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. वाण दोन्हीला सारखंच, स्टीलची वाटी. म्हणजे शहाण्या माणसाने पांढराच धरावा.

बायका तांबडाच उचलायला लागल्या! एकीमागून एक. खुरपणीच्या टोळीची मुकादम मंगलकाकू, तिला तर निम्मे येईनात. कपाळाला घाम, तरी तांबडाच. पायरीवर रांगेत बसलेल्या बाकीच्या बघून हसतायत.

एस.टी.त बसल्यावर जीव हलका वाटला. सगळं जग म्हणतं माणूस मेंदूचे कष्ट टाळतो, आणि आमच्या गावच्या बायका ते मागून घेतात. किती दिवसांनी असं काहीतरी चांगलं घडलंय. आईला सांगितलं. "चांगलं हाय की," म्हणाली आणि पाणी मागितलं. डॉक्टरांनी मोजून दिलेलं दिवसाचं पाणी सकाळीच संपवून बसलेली. बर्फाचा खडा दिला.

२० जानेवारी, मंगळवार

सरांचा फोन. "मॅडम, फुकटचे कष्ट कुणी घेत नसतं. एक तर त्यांना कळलं नाही, नाहीतर तुम्हाला दाखवायला केलंय. जाऊन विचारा का ते." प्रबंधाला आता मुदतवाढ नाही हेही ऐकवलं. फेब्रुवारी संपला की मी संपले. बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२२ जानेवारी, गुरुवार

आई नाही म्हणाली. मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. मग गुपचूप लुगडं बदलून रिक्षात बसली. गेली ती माझ्या तोंडाला भिऊन.

सुई टोचताना नेहमीसारखी छताकडे बघत होती. दंडावर आता टोचायला जागा नाही. परत येताना म्हणाली, "तुजं कालेज बुडतंय न्हाई गं, सोमवार-गुरवार?" म्हटलं, नाही बुडत. प्राचार्यांनी कालच बोलावून माझ्या बुडालेल्या तासांचं विचारलंय.

२५ जानेवारी, रविवार

परत गाव. मंगलकाकू कांद्यात खुरपत होती. बांधावर बसवलं, विचारलं, काकू, त्या दिवशी सोपं सोडून अवघड का घेत होतीस? माझ्यासाठी?

"तुज्यासाठी कशाला? माज्या मागं शांताबाई बसली हुती. तिला धड दिसंना, आयकू येईना. पांढरी पानं मीच उचलली आस्ती, तर तिच्या वाट्याला तांबडी आली आस्ती न्हवं?"

"अगं काकू, पांढरी संपणार नव्हतीच. एकीचं झालं की मी पानं परत गठ्ठ्यात घालत होते."

"आसं व्हय? आमाला काय म्हाईत! गठ्ठा म्हनल्यावर संपनारच की." आणि माझा चेहरा बघून समजूत घातल्यासारखी म्हणाली, "खुरपायला बसलो की ज्या वळीत गवत जास्त ती पात कुनीतरी धरायचीच आस्ती बाई. म्हातारीला कोन देतंय?"

दोघी-तिघींना अजून विचारलं. तेच. एकीच्या मागे गरोदर सून होती. एकीच्या मागे तापातून उठलेली जाऊ. सगळ्यात शेवटी बसली होती ती एकटी पांढरा उचलत होती, मागे कुणी नव्हतं म्हणून.

कॉम्प्युटरवर गठ्ठा संपत नाही. माझा दिसत होता, हात लावला की कमी होत होता. आणि पायरीवर पुढची बाई बसवून ठेवली होती मीच. माझं मोजमाप साफ गेलं. कौतुक करू का डोकं आपटू? काकूने जाताना कांद्याची पात दिली पिशवीत.

दादा स्टँडवर सोडायला आला. म्हणाला, "आईच नको म्हनती तर जाऊ दे. तिच्या मनासारखं करू." एवढ्या दिवसांत कुणीतरी काहीतरी ठरवलं! मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

२६ जानेवारी, सोमवार

आज नेलं नाही. "नको," म्हणाली, मी "बरं" म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

दुपारपर्यंत छान होती. रोझीताईंशी गप्पा. ताईंनी हात धरून प्रार्थना केली, आईने पण डोळे मिटून हात जोडले, देव कुणाचा का असेना. संध्याकाळी पाय सुजले.

सरांना कळवलं. "सगळं काढून टाका, नव्याने घ्या." नव्याने! कधी? कुणाकडून?

२७ जानेवारी, मंगळवार

आईला आडवं पडलं की दम लागतो. उशा लावून बसवलंय. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले, "गुरुवार चुकवू नका, किंवा मग नक्की ठरवा." नक्की म्हणे.

दादाला सांगितलं. "तू हायेस ना तिथं," म्हणाला. रडत होता बहुतेक.

२८ जानेवारी, बुधवार

पिशवी आवरताना ती पानं बाहेर आली. आई म्हणाली, "काय गं ह्ये? पत्ते?" बसल्या बसल्या करमणूक म्हणून खाटेवर मांडले. समजावलं: हा सोपा, हा अवघड, वाटेल तो उचल.

तिने दोन्हीकडे बघितलं आणि पहिलं हेच विचारलं, "माज्या मागनं कोन हाय?"

"कुणी नाही आई. तू एकटीच."

"आन तू?"

"मी आहे की. मी नुसती विचारणार."

"मंजे तू हायेस," म्हणाली आणि तांबड्यावर हात ठेवला.

पानं तशीच खाटेवर टाकली. मोरीत जाऊन नळ सोडून रडले. तिचं ते "नको". रविवारी मी आणि दादाने ते तिचं मन म्हणून उचललं, आणि किती हलके झालो दोघं. ते तिचं मन आहे का? की माझं कॉलेज बुडू नये म्हणून... करपलेली भाकरी माझ्या ताटात पडू नये म्हणून. आणि तसं असेल तर बळजबरीने न्यायचं, त्या सुया, तो दंड, तेही कुणासाठी? माझ्यासाठीच ना? मला तिला मारल्यासारखं वाटू नये म्हणून?

बाहेर आले तर ती पानं गोळा करून रबर लावत होती. पांढरी वेगळी, तांबडी वेगळी.

२९ जानेवारी, गुरुवार

रिक्षा सांगून ठेवली होती. सकाळी आईपाशी खाली बसले. आज आवाज चढवायचा नाही असं ठरवून. म्हटलं, "आई, एकदाच विचारते. माझा विचार सोड, दादाचा सोड. तुला स्वतःला काय पाहिजे, जायचंय का नाही?"

ती खरंच विचार करत होती, कपाळावर आठ्या. दम लागलेला. मग म्हणाली, "तुमचा इचार सोडून मी कधी काय ठरीवलंय का? आता ह्या वयात कसं जमंल?" आणि ओशाळल्यासारखी हसली, आकडे उलटे येईनात तेव्हा मंगलकाकू हसत होती तशी.

"तुला काय सोपं पडतंय ते कर, बाई."

मला काही सोपं पडत नाही गं आई, हे म्हणायचं होतं. म्हटलं नाही. ऐकून घेतलं असतं आणि तेही स्वतःच्याच ताटात वाढून घेतलं असतं.

रिक्षा आलीय. आईने चपला घातल्यात आणि दाराशी स्टुलावर बसलीय. जायचं म्हणून घातल्यात की मला बरं वाटावं म्हणून, ते तिलाही सांगता यायचं नाही. दुसऱ्यांदा हॉर्न दिला. रिक्षावाल्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलंय.