जनावराचा विषय तहकूब

माय, तुला तो पिक्चर आठवतो का? आपल्या दूध संस्थेच्या सभेत लावलेला, माणसांना वाळवून टाकणाऱ्या जनावराचा. त्याचा नवा भाग आलाय. नवा म्हणजे पुढचा नव्हे, जुन्याच्या आधीचा. पोराचं लग्न उरकल्यावर त्याचं बारसं करावं, तसला प्रकार. ते जनावर मुळात आलं कुठून हे त्यात दाखवणार म्हणून जगभरातल्या लोकांचा जीव टांगणीला लागला होता. तुझी नात दिवसभर मोबाईलवर त्याचंच वाचत बसायची. कुणी म्हणे, परग्रहावरच्या लोकांनी ते लढाईसाठी बनवलं. कुणी म्हणे, ती नुसती बुरशी आहे, वाढत वाढत एवढी झाली. एक शहाणा म्हणे, ती आपलीच पुढची पिढी आहे. मी भाकरी थापत ऐकत होते. मी म्हटलं, "अगं, हा विषय आमच्या संस्थेत कधीचा पेंडिंग आहे." तिला वाटलं मी थट्टा करते. मग तवा उतरवून मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तूच इतकी बोलायला लागलीस माझ्या तोंडून, की म्हटलं आता हे तुलाही लिहावं.

दुष्काळाचं साल होतं. नांदूरघाटच्या बाजाराला माणसं कमी आणि विकायला आणलेली जनावरं जास्त. बायकांची दूध संस्था तू उभी केलेली, तूच चेअरमन, आणि सकाळी गाडी यायची तेव्हा कॅन अर्धेसुद्धा भरलेले नसायचे. त्यात वार्षिक सभा आली. संस्थांची एक रीत असते, तुला काय सांगायची! वेळेवर कुणी येत नाही, मग कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी तीच सभा पुन्हा भरवायची. तेव्हा कोरम लागत नाही. चहा प्यायचा, सह्या करायच्या, घरी जायचं. आपले पगारी सचिव, संस्थेतले एकटेच पुरुष, तुला हेच सुचवत होते. "बाई, कावून एवढा ताप घेता? अर्धा तास बसू, मंग समदं आपल्याच हातात हाय." तू त्यांच्यावर अशी उखडलीस! "सभा म्हंजी सभा. माणसंच न्हाईत तर सभा कुणाची, भुताची?" पण बायका येणार कशा? टँकर कधी येईल सांगता येत नव्हतं, रांगेतली घागर सोडून हिशोब ऐकायला कोण येतंय? तेव्हा तुझ्या डोक्यातून व्हिडिओ निघाला. केजहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, आधी देवाचा पिक्चर, मग सभा. बायकांनी घागरी रांगेत ठेवल्या, त्यात एकेक खडा टाकून नंबर धरला, आणि आल्या. एवढा कोरम तालुक्यात कुठल्या संस्थेला झाला नसेल.

डबीवर देवच होता गं. आतली कॅसेट कुणी बदलली कोण जाणे. पिक्चर सुरू झाला तो एका कोरड्या ठणठणीत ग्रहावर, जिथं माणसं खाणीत काम करतायत. हिंदीत बोलतायत, त्यामुळं आपल्या बायकांना सगळं कळतंय. खाली खोल कुठंतरी ते जनावर आहे. त्याला पाण्याचा वास येतो. माणसाच्या अंगातलं पाणी ते ओढून घेतं आणि मागं उरतं ते वाळकं चिपाड. पहिल्या माणसाचं तसं झालं तेव्हा पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, "अगं माय माय, गुऱ्हाळातून काढला जणू!" सचिव घाबरून मशीन बंद करायला धावले, तर सगळ्या जणी त्यांच्यावरच ओरडल्या. पदर तोंडात धरून पाहिलं, पण एक जण उठली नाही. शेवटी त्या जनावराला बर्फात कोंडून मारतात आणि पिक्चर संपतो. ते आलं कुठून, याचा एक शब्द नाही.

मग सभा झाली. हिशोब मंजूर, पेंडीचा भाव मंजूर. शेवटी सचिवांनी नेहमीचं वाचलं, "अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे आयत्या वेळचे विषय." तेव्हा ती म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बाकी समदं ठीक हाय, पण ते जनावर आलं कुठून?" सचिव हसायला लागले. तू हसली नाहीस. "इचारलंय तर बोलू. परवानगी हाय," म्हणालीस.

मी त्या वर्षी दहावीला होते. दाराजवळ उभी राहून मी ते ऐकलं आणि अजून मला ते तसंच दिसतं. म्हातारी म्हणते, त्या पाण्यातल्या देवी, साती आसरा असतील, आटलेल्या विहिरीत त्यांना कुणी निवद दाखवला नाही म्हणून कोपल्या. काकू, म्हणजे तुझी धाकटी जाऊ, कमरेवर हात ठेवून उठते. "कशाच्या आसरा न् काय! कारखान्यात बनवलंय ते. कारखान्याची मळी वढ्यात सुटली की मासे मरत्यात का न्हाई? तसंच कायतरी बनवलं आसंल, हातातून सुटलं." बायका माना डोलवतात. मग तू बोलतेस, आणि तुझा आवाज चेअरमनचा राहत नाही. "त्याच्या मानंकडं कुणी बघितलं का? मानंभवती केस न्हाईत. दाव्याचा वण हाय त्यो. ज्याला दावं लागलंय त्याला कधी तरी गोठा व्हता. कुणीतरी पाळलं, आन् पाणी सपल्यावर सोडून दिलं. ते वंगाळ न्हाई, तान्हेलं हाय."

हे तू कुणाबद्दल बोलत होतीस ते सगळ्यांना माहीत होतं. त्याच उन्हाळ्यात तू चारा छावणीतली ती म्हैस आणली होतीस. मालक तिला दाव्याला बांधून ऊसतोडीला गेला तो परत आलाच नाही, आणि छावणी उठल्यावर ती मोकाट सुटली. डोक्यावर घागर घेतलेली बाई दिसली की ती अंगावर धावून यायची. दोघी-तिघींना पाडलं तिनं. गावात तिला राक्षशीण म्हणायचे, पोरं दगड मारायची. तू काय केलंस, तर वाटेवर घमेलं ठेवलंस, घागर त्यात ओतलीस आणि बाजूला उभी राहिलीस. तिनं प्यायलेली ती घागर घरातली शेवटची होती. दादा, म्हणजे माझे वडील, इतके चिडले की दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. ती म्हैस पुढं किती दूध द्यायची! आणि एवढी गरीब, की काकूची पोरं तिच्या पोटाखालून चेंडू काढायची. काकू स्वतः तिच्या खरवसाला पहिली हजर असायची, आणि खात खात म्हणायची, "म्हैस येगळी, त्ये जनावर येगळं."

तुझा आणखी एक हट्ट होता. संस्थेत कुठलाही ठराव बहुमतानं करायचा नाही, एकमतानंच. एक हात जरी विरोधात असला तरी विषय पुढच्या सभेला. "आज जिला दाबलं ती उद्या दूध दुसरीकडं घालती," म्हणायचीस. त्यामुळं व्हायचं काय, की दर वर्षी आयत्या वेळी कुणीतरी तो विषय काढायचं, सगळ्या जणी तुझ्या बाजूनं हात वर करायच्या (आसरावाली म्हातारीसुद्धा शेवटी तुझ्यात आली) आणि विरोधात एकटी काकू. "जाऊबाई, तुमी चेअरमन असाल, पण म्या काय आंधळी न्हाई. कारखान्यातलंच हाय ते." मग तू मोठ्यानं म्हणायचीस, "विषय तहकूब." सचिव बिचारे हात जोडायचे, "बाई, हे प्रोसिडिंगला लिहायला लावू नका, ऑडिटर मला येडा समजंल." ते कधी लिहिलं गेलं नाही. पण सगळ्यांना पाठ होतं. तुमचं दोघींचं भांडण ऐकायलाच अर्ध्या बायका यायच्या, कोरमची चिंता कायमची मिटली.

शेवटी तू बीडला दवाखान्यात होतीस, तेव्हा काकू उशाशी बसून तुझे केस विंचरत होती. ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, तुमी म्हणत असाल तर या खेपेला हात वर करते." तू डोळे वटारलेस. "दयेचं मत नगं मला. भांडून घेईन." आणि तुम्ही दोघी अशा हसलात की नर्स धावत आली. त्यानंतर सभा आली तेव्हा तू नव्हतीस. काकूला चेअरमन केलं. विषय कुणी काढला नाही. पुढं कधीच काढला नाही.

तर आता हा पिक्चर. नातीनं तुझं म्हणणं इंग्रजीत लिहून त्या लोकांच्यात टाकलं. लांबच्या कुठल्या देशातल्या एकानं जुना पिक्चर थांबवून मान मोठी करून दाखवली. वण आहे! मला तर रडू आलं. लगेच दुसऱ्यानं लिहिलं, अहो, तो मुखवटा आणि अंगरखा जोडल्याचा सांधा आहे, रबराचा. घ्या! मी आणि नात पोट धरधरून हसलो. पण पिक्चर लागला तेव्हा मला राहवेना. गाडी केली, गावाहून काकूला उचललं आणि बीडला घेऊन आले. काकू आता पार वाकलीय, पण जीभ तशीच. टॉकिजात तिनं खुर्चीवर मांडी घातली. आणि माय, तू हरलीस. साफ हरलीस. पांढरे कोट घातलेली माणसं, काचेच्या बरण्या, मोठी मोठी यंत्रं, आणि त्यातून ते जनावर बनवून काढतात, आणि आवरेना झाल्यावर तिथंच ठेवून पळतात. ना गोठा, ना दावं. काकूचं अक्षर न् अक्षर खरं.

मला वाटलं, आता म्हातारी टॉकिजातच फुगडी घालते. ती चपला घालून सरळ बाहेर चालू लागली. परत जाताना मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो, तर भज्यांनाही हात लावेना. मी चिडवलं, "काकू, जिंकलीस की गं! तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" तिनं बशीतला चहा फुंकला. "जिंकले," म्हणाली. "पर कुणाला सांगू? ती असती तर वरडले असते, नाचले असते, हिणवलं असतं तिला वरीसभर. तिच्याबिगर जिंकून काय चव हाय, सांग बरं." आणि पदरानं डोळे पुसले. मी तिचा हात धरून बसले. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि आम्ही दोघी तुझ्यासाठी रडत होतो, एका जनावरावरून.

यंदाच्या वार्षिक सभेला तिनं मला मुद्दाम बोलावलं. संस्था बरी चाललीय बरं का, आता मशीनवर फॅट निघतं, पोरीसोरी सुना सभासद आहेत. तुझा फोटो भिंतीवर आहे आणि तू त्यात रागावल्यासारखीच दिसतेस. सचिव आता नवे आहेत, तेही पुरुषच. त्यांनी आयत्या वेळचे विषय म्हटलं आणि काकू खुर्चीतून उठली. "एक विषय लई वर्षांचा तहकूब हाय," म्हणाली आणि सगळं सांगितलं. नव्या सुना हसून हसून एकमेकींवर पडल्या. त्यातली एक म्हणाली, "पर आजी, पिक्चरमधी तर कारखान्यातलंच दावलंय. तुमीच बरोबर." काकू म्हणाली, "दावू दे. बनवलं आन् ठिवून पळाले ना त्ये? पळाला त्यो मालकच. आमची जाऊबाई दुसरं काय म्हणत व्हती? म्या माझा विरोध मागं घेते. जाऊबाईचं खरं, असा ठराव मांडते. हात वर करा."

सगळे हात वर झाले. म्हाताऱ्यांचे, सुनांचे, सगळे. काकूचा पण. सचिव मोजता मोजता म्हणाले, "चला, एकमतानं मंज..." आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मंजूर म्हणजे संपलं. पुढच्या वर्षी कुणी तुझं नाव काढून उठणार नाही, कुणी कमरेवर हात ठेवणार नाही, या सुनांना तू म्हणजे नुसता एक फोटो. मी ओरडले, "विरोध! माझा विरोध आहे. कारखान्यातलंच आहे ते."

 काकू माझ्याकडं बघतच राहिली. मग तिचं तोंड पहिल्यासारखं झालं, अगदी पहिल्यासारखं. "अगं भवाने, सख्ख्या आईच्या इरोधात? बघतेच तुला पुढल्या साली!" आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "विषय तहकूब!"

हे पत्र मी कुठं पाठवणार, इथंच राहील. पण तुला एक सांगायचंय. मी संस्थेची सभासद नाही, कधी नव्हते, मला हात वर करायचा काडीचाही हक्क नव्हता. आणि माझं मत, माय, तुझ्याच बाजूचं आहे.