काढायची राहिलेली काच

४, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. निमित्त तसंच आहे: चिप चालली. नखाएवढी चिप, पण तिच्यातून निघणारा प्रकाश स्क्रूसारखा गोल फिरत पुढे जातो. फिरकी ९६ टक्के. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या चिपची ११. सर म्हणाले, दोन्हींतली एकच पुढे न्यायची. म्हणजे नोकरीची मुदतवाढही एकालाच. बाईंनी मनापासून अभिनंदन केलं. वाईट वाटलं. पण विज्ञानात भावनेला जागा नाही.

६, बुधवार
टेबल पुसताना चिपच्या पुढ्यात एक काच दिसली. क्वार्टर-वेव्ह प्लेट. साध्या प्रकाशाला फिरकी देणं हेच तिचं काम. मागच्या महिन्यात बाईंनी माझ्या टेबलावर काहीतरी तपासलं होतं, तेव्हाची. काढून मोजलं. ४ टक्के. परत मोजलं. ३. मग मोजणं थांबवलं.
उद्या सरांना सगळं सांगणार. सगळं.

७, गुरुवार
सर मीटिंगमध्ये. मी दारापर्यंत गेलो होतो, ही नोंद असू दे.

८, शुक्रवार
सर खुशीत होते. त्यांच्या मूडचा विचका कशाला? मेल जास्त शास्त्रीय. मसुदा तयार. विषय: 'एक छोटीशी बाब'.

११, सोमवार
मेलपेक्षा रिपोर्टमध्येच एक वाक्य टाकावं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, आणि त्या बाईंचं काय? हिला ऑप्टिक्समधलं ओ की ठो कळत नाही. जेवण गेलं नाही.

१३, बुधवार
वाक्याची तळटीप केली. फॉन्ट आठ. 'मांडणीतील इतर घटकांचा किंचित परिणाम नाकारता येत नाही.' वाचणारा प्रामाणिक असेल तर समजेल.

१५, शुक्रवार, दु. ३
रिपोर्ट वर गेला. प्रिंटमध्ये तळटीप कापली गेली. यात माझा काय दोष? लाज वाटते, ती वेगळी.

२९, शुक्रवार
बाईंचा निरोपसमारंभ. मला चार शब्द बोलायचे होते. तिथंच सगळ्यांसमोर कबूल करायचं ठरवून उभा राहिलो. म्हणालो, बाईंचं टेबल नेहमी नीटनेटकं असायचं. टाळ्या पडल्या.
नंतर बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, अहो, तुमच्या टेबलावरची माझी काच काढायची राहिली होती. काल आठवलं, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. माझ्या वेंधळेपणानं तुमचं काम फुकट जायला नको. मोजायच्या आधी काढलीत ना?
म्हटलं, हो, पहिल्याच दिवशी.
त्यांना फार हायसं वाटलं. त्यांच्या सामानाचं खोकं मी खालपर्यंत नेऊन दिलं. चांगलंच जड होतं.