लोखंड बाहेर

३ ऑगस्ट १९५६

प्रयोगशाळेत दिवसभर तारच गुंडाळली. केसाएवढी तांब्याची तार, काचेच्या नळीभोवती अकरा वेढे. दोनदा तुटली. लवाटे सर म्हणाले, "बाई, आज हात जड पडतोय तुमचा." पडत असेल.

नळी बसवायला वाकले तर केसातला आकडा निसटून थेट प्रयोगाच्या मोठ्या चुंबकाला चिकटला. शिपाई दत्ताराम ओरडलाच— "लोखंडाचा सगळा भायर ठेवा म्हणान किती येळा सांगलंय, बाई!" त्यासाठीच तर तो दाराशी पितळी ताट घेऊन बसतो.

घरी आले. आई म्हणाली, वसंताने पेज खाल्ली. मी "बरं" म्हटलं.

५ ऑगस्ट

रविवार. डॉक्टर येऊन गेले. जानेवारीतल्या गोळीबारात माझ्या भावाला, वसंताला, गोळी लागलीच नव्हती. ती दिव्याच्या खांबावर आपटली आणि खांबाचा कपचा त्याच्या कपाळातून आत गेला. मसुराएवढं लोखंड! काढायला जावं तर जीव जाईल, ठेवलं तर हे असं. सात महिने एक शब्द नाही. बसवलं की बसतो, चालवलं की चालतो.

"एक्स-रेत हाड दिसतं, लोखंड दिसतं. माणूस आत उरलाय का, ते दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात कायमचा ठेवा. वीस तारखेपर्यंत कागदावर सही करा." सगळं वसंतासमोरच बोलले. त्याला काय कळतंय!

आई पदर तोंडाला लावून रडली. मला रडू येत नाही. स्वतःचाच राग येतो, तोही थोडासाच.

१० ऑगस्ट

मराठी-गुजराती एकच राज्य होणार, या द्वैभाषिकाच्या बातमीने चाळ पेटलीय. जो तो ओरडतोय. मी भाजी चिरली.

११ ऑगस्ट

माझ्या तारेने काम केलं! नळीत साधं पाणी. चुंबकाच्या दोन तोंडांमधल्या फटीत ती ठेवली आणि पडद्यावरच्या हिरव्या रेघेला उंचवटा आला. पाण्यातला हायड्रोजन चुंबकात असा ओ देतो. सरांनी परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं— अल्कोहोलचे तीन उंचवटे. हायड्रोजन तीन ठिकाणी बसलाय, म्हणून तीन. आत काय आहे ते कळायला बाटली फोडायला नको, काही जाळायला नको.

मग त्यांनी मोठं वेटोळं लावून आपलं बोटच आत घातलं. तोच उंचवटा! "आपणही पाणीच की!"

"सर, मेंदूचं असं पाहता येईल?"

"डोकं मावेल एवढा मॅग्नेट कोण बांधणार, बाई?" आणि घाईने वेटोळं सोडवायला लागले. त्यांना वसंताचं ठाऊक आहे.

१६ ऑगस्ट

वसंताचं डोकं नाही तर बोट तरी. त्यातून काही सिद्ध होणार नाही, एवढं मला कळतं. पण सही मीच करायची आहे, आणि त्याआधी त्याच्याकडून काहीतरी मिळायला हवं. एक उंचवटा का होईना. सरांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "शनिवारी आणा."

१८ ऑगस्ट

वसंताला ट्रामने नेलं. दाराशी दत्तारामने त्याला समजावलं— "आत मॅग्नेट असा. लोखंड ओढून घेता." वसंत भिंतीकडे बघत होता. मी माझे आकडे काढले. त्याचा पट्टा, खिशातली किल्ली, सदऱ्याची सेफ्टी पिन. चपलासुद्धा, टाचेला खिळे असतात म्हणून.

"सगळा झाला?" दत्तारामने विचारलं. मी हो म्हटलं आणि वसंताचा हात धरला. तो हलेना! नेऊ तिथे मुकाट येणारा हा, उंबऱ्यावर पाय रोवून उभा. मी चिडले, दंड धरून ओढलं. त्याने हात सोडवून घेतला. ताटातल्या पिनेकडे बघितलं, आत चुंबकाकडे बघितलं, आणि एक बोट कपाळावरच्या व्रणावर ठेवलं.

लोखंड! मी विसरले होते. तो नव्हता विसरला.

मी तिथेच, दत्तारामसमोर, हमसून हमसून रडले. म्हणजे पाच तारखेचं डॉक्टरांचं बोलणंही त्याने ऐकलंय. ठाण्याचंही!

२० ऑगस्ट

ठाण्याचा कागद चुलीत घातला. वसंताला विचारून.