बर्लने सही केली तर गाडी कॉरिनची

मी, नेडीन टॅकेट, वय एकाहत्तर, धंदा लेथकाम, राहणार चिलिकोथी, ओहायो, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही न ऐकता (तशी सवय मला कधीच नव्हती) लिहून ठेवते की, माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था अशी व्हावी.

घर चर्चला द्यावे. रविवारच्या जेवणावळी तशाही माझ्याच अंगणात होतात.

लेथ व सगळी हत्यारे माझी भाची कॉरिन हिला.

शवपेटी हलक्या पाइनची असावी, पितळी कड्या लावू नयेत. जन्मभर वजन काढणाऱ्या बाईला जड करून पुरू नये.

राहिली निळी प्लायमथ गाडी. हिच्यातून मी धाकट्या भावाला, बर्लला, शर्यतीत हरवले. त्याने आपल्या गाडीतल्या सीटा काढल्या, काचा काढल्या, स्वतःचा नाश्तासुद्धा सोडला. मी फक्त जे फिरते ते हलके केले. इंजिनामागचे जड फिरते चाक, म्हणजे फ्लायव्हील, काढून ॲल्युमिनियमचे घातले, पुढे सायकलीसारखी बारीक चाके लावली. बसलेले वजन नुसते ओढावे लागते. फिरणारे ओढावेही लागते आणि फिरवावेही लागते. पाव मैलात मी अख्खी गाडीभर पुढे! इतका आनंद मला पुन्हा कशाने झाला नाही. बर्ल अजून म्हणतो, "ताई, वारा तुझ्या पाठीशी होता." अरे, गाड्या शेजारीशेजारी होत्या!

वडिलांच्या शब्दाप्रमाणे माझ्यामागे गाडी बर्लची. तो शब्द मी मोडत नाही. पण तो तिच्यात थोरले इंजिन कोंबणार आणि स्वतःच्या मुलीला, कॉरिनला, जवळ फिरकू देणार नाही. "पोरींनी तिकिटं विकावीत," म्हणतो. हलक्या फ्लायव्हीलची गाडी सुटताना मान टाकते, बंद पडू बघते. तिला सांभाळणारा क्लचवरचा पाय आता घराण्यात एकट्या कॉरिनकडे आहे. गेल्या शनिवारी ती माझ्या गाडीतून जिंकली, तेव्हा कुंपणापाशी ओरडून बर्लचा घसा बसला. विचारले तर म्हणाला, "सर्दी झालीय."

वकीलबाई सांगतात, मृत्युपत्रावर साक्षीदार झालेल्याला त्यातून काही मिळत नाही. म्हणून असे ठरवते: बर्लने साक्षीदार म्हणून सही केली तर गाडी कॉरिनची; नाही केली तर त्याची, आणि सही दुसरे कोणी करील. मसुदा त्याला वाचून दाखवला.

"ताई, हा सरळसरळ सापळा आहे!"

"आहेच. पेन टेबलावर आहे."

तो कॉफी अर्धी टाकून निघून गेला. खाली सहीची जागा मोकळी ठेवली आहे.

चिलिकोथी, ९ जून २०१४
नेडीन टॅकेट

साक्षीदार:
१. एल्मा स्ट्राउड, शेजारीण
२. बर्ल टॅकेट, भाऊ. वारा दोघांच्याही पाठीशी होता.