कानातली शिट्टी

६ जानेवारी
'लायब्ररीला विचारा'ची ऑनलाइन खिडकी आजपासून पूर्ण माझ्याकडे. पोरं सरळ विचारतच नाहीत. एकाने नुसतं "फिजिक्स" लिहिलं. फिजिक्सचं काय? "सगळं." एकीला पोलीस भरतीचं पुस्तक हवं होतं. बरंच शोधून दिल्यावर कळलं, तिला फक्त उंचीची अट बघायची होती.
दुपारी आणखी एक. "शिट्टी सारखी वाजते बंद कशी करायची पुस्तक आहे का." मी घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं पाठवलं, कुकरचं प्रकरण कुठल्या पानावर तेही कळवलं. उत्तर आलं, "कुकर नाही ताई. कानात."
देसाईसर शेजारच्या टेबलावरून हसले. मीही हसले. आता लिहिताना हसू येत नाहीये.

८ जाने.
कानवाली पुन्हा. नावाच्या जागी 'राखोली' एवढंच टाकते, कंपन्यांकडच्या त्या गावाचं नाव. काल तिला कानाच्या आजारांवरचं इंग्रजी ई-बुक, दोन वेबसाइट, एक व्हिडिओ, असं सगळं धाडलं होतं. आज म्हणते, "हे समजत नाही ताई. मराठी नाहीतर हिंदी द्या."
सर म्हणाले, "तिने एक प्रश्न विचारला ने, तू आख्खं कपाट ओतलंस." ग्रंथपाल आमचे, वलसाडकडचे. मराठी छान, फक्त तो गुजराती 'ने' सुटत नाही.
लायब्ररीचा नंबर दिला, फोन करा, बोलून सांगते म्हटलं. फोन नाही आला.

१२ जाने.
"मशीनच्या आवाजाने गेलेला कान परत येतो का."
आरोग्य खात्याची एक हिंदी पत्रिका सापडली. आधी स्वतः वाचली. सतत मोठा आवाज असेल तर कानाच्या आतली नस जाते, ती सुधारत नाही. वेळेवर तपासून आवाजापासून जपलं तर उरलेलं टिकतं.
हे पाठवायचं? पाठवलं. मी डॉक्टर नाही, सिव्हिलला दाखवा, असं खाली लिहिलं. आणि परत तो फोन नंबर.
"फोन नको ताई. फोनवर बोललेलं कळत नाही मला."
मी तिला दर वेळी फोन करायला सांगत होते.

१३ जाने.
आज खिडकीत आपणहून बोलली. वय एकोणीस. धाग्याच्या कंपनीत मशीनवर. शहाद्याकडची, इथे भाऊ-वहिनीकडे राहते. बाहेरून बारावी करतेय म्हणून लायब्ररीचं कार्ड. कानात घालायला कंपनीने बोळे दिलेत, पण ते घातले की सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही, मग तो अंगावर येतो.
मधेच एक ओळ तिच्या घरच्या बोलीत: "माले नीट आयकू येत नही." लगेच खाली "सॉरी". सॉरी कशाला, म्हटलं.
घरी सांगितलंय का?
"नाही. भाऊ काम सोडवेल. गावाला पाठवेल. मग बारावी पण गेली."

१९ जाने.
आजचा प्रश्न: "पुढच्या महिन्यात कंपनीत कानाची तपासणी आहे. त्यात पास कसं व्हायचं."
जेवताना डबा तसाच राहिला. सरांना विचारलं, याचं उत्तर द्यायचं का?
"माहिती मागितलीय ने. देणं आपलं काम."
"सर, ती पास झाली तर मशीनवरच राहील. आणि नापास झाली तर—"
"ते तिला ठरवू दे. पण पूर्ण माहिती दे. अर्धी नको."
मग पूर्ण लिहिलं. बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. पाठांतर करून जमत नाही. तीच तपासणी सिव्हिलमध्ये करून घेता येते, तो कागद तुझा, कंपनीला दाखव किंवा नको दाखवू. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यात कामाचा आजार धरलाय, ते कलमही सोप्या मराठीत लिहून दिलं.
"बघते," म्हणाली. बघते म्हणजे काय करणार?

२१ जाने.
एक घोळ सापडला.
एका वाचकाची तक्रार होती म्हणून खिडकीच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे दिसलं: प्रत्येक संवादाची प्रत कार्डावर जो मेल असेल त्याला आपोआप जाते. सरांना माहीत नव्हतं. म्हणाले, "पोरं बहुतेक घरच्या मोठ्या माणसाचाच मेल टाकतात ने."
म्हणजे तिचं सगळं, कान, बारावी, "घरी सांगितलं नाही", दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये जाऊन पडलंय.
तिचं कार्ड उघडून बघू का, विचारलं. सर म्हणाले, "आणि बघून? घरी जाशील? तिने तुला नाव सांगितलेलं नाही." नाही उघडलं. सॉफ्टवेअरवाल्यांना बंद करा म्हणून लिहिलंय.
तिला सावध करायचं तरी कसं? लिहिलं की त्याचीही प्रत जाणार.

२३ जाने.
राखोली नाही. कालही नव्हती.
आई म्हणाली, "आमटी उतू गेली, तू तिथेच उभी होतीस. लग्नाबिग्नाचं काही आहे का?" नाही गं.

२५ जाने. रविवार
घरून, टोकरखाड्यातून, स्कूटी काढली आणि सरळ राखोलीला. का, ते माहीत नाही. शिफ्ट सुटली तेव्हा दमणगंगेच्या पुलाजवळ उभी होते. पोरींचे घोळके. केसांत धाग्याची लव, सगळ्या मोठमोठ्याने बोलतायत. मला वाटलं खुशीत आहेत. मग लक्षात आलं, त्यांना तसंच बोलावं लागत असेल.
यातली कुठलीही ती असेल. किंवा एव्हाना गावाला गेली असेल, माझ्यामुळे. घरी आले.

२८ जाने.
दुपारी काउंटरवर एक माणूस. तिशीच्या आतला, कंपनीचा निळा शर्ट. मोबाइल पुढे धरला. "मॅडम, हे तुम्ही लिहिता का?" माझीच उत्तरं.
म्हणाला, "बहिणीच्या कार्डाला मेल माझा आहे. पहिल्यापासून वाचतोय."
मी हळूच विचारलं, तिला काही बोललात का?
त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय?"
मी पुन्हा विचारलं, मोठ्याने. वाचणारे सगळे बघायला लागले.
"नाही बोललो." मग म्हणाला, "मालेबी वाजस." आणि परत मराठीत, "मलापण वाजते. चार-पाच वर्षं झाली असतील. त्याच कंपनीत आहे मी. घरी आम्ही टीव्ही एवढा लावतो की शेजारी भांडायला येतात. मला वाटायचं ती माझ्यासाठी आवाज वाढवते."
तपासणी?
"मी नापास होऊन घरी बसलो तर तिची बारावीपण बसते. सिव्हिलला जायचं म्हणतोय, पण तिथे तीच भेटली तर?"
ती हल्ली लिहीत नाही, मी म्हटलं.
"रिचार्ज संपलाय तिचा. आज टाकतो." निघताना वळला. "तिला सांगू नका मी आलो होतो."
हो म्हटलं मी. का हो म्हटलं?

२९ जाने.
सरांना सगळं सांगितलं. डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "दोघं आपले वाचक ने. एकाचं दुसऱ्याला नाही सांगायचं."
एका खोलीत दोघं जेवत असतील. एक दुसऱ्याला म्हणत असेल, नीट बोल की जरा.

३० जाने.
प्रत जाणं अजून बंद झालेलं नाही. सॉफ्टवेअरवाले "बघतो" म्हणतात.
चारच्या सुमारास खिडकीत राखोली. आली. बरं वाटलं आणि धडकीही भरली.
"ताई घरच्या माणसाला सांगायचं असेल तर कसं सांगायचं. असं पुस्तक आहे का."
मी जे लिहीन ते तो वाचणार. त्याला हो म्हटलंय. तिला खोटं सांगायचं नाही. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. सर म्हणाले, "ती थांबलीय ने."
शेवटी पाठवलं: "असं पुस्तक आपल्याकडे नाही. सिव्हिलमध्ये कानाची ओपीडी सकाळी असते. एकटी जाऊ नकोस. भावाला घेऊन जा. कारण सांगायची गरज नाही, नुसतं सोबत चल म्हण."
सेटिंगच्या पानावर लगेच नोंद आली, संदेशाची प्रत पाठवली.
ती काहीतरी लिहीत होती. ठिपके हलत होते, थांबत होते. मग बंद झाले. पाचला खिडकी बंद करायची असते, मी सव्वापाचपर्यंत ठेवली.
दोघांनी वाचलंय एवढं नक्की.